हौशीचे कान

"ही हरयाण्याची दिसतिया," टॅबवरचं चित्र बघून मामा म्हणाले आणि पुन्हा धारेला बसले.

कोल्हापुरातल्या गंगावेशीतली संध्याकाळ होती. कट्ट्यावर नेहमीची गिऱ्हाइकं उभी. कुणाच्या हातात ग्लास, कुणी घरून तांब्या आणलेला. बाहेरगावच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते: इथं म्हशी रस्त्याकडेला उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि माणसं ते दूध तिथंच, फेसासकट, पितात. मी तीन आठवडे खपून एक म्हैस काढली होती आणि कौतुक करून घ्यायला आले होते. माझ्या म्हशीची शिंगं जिलबीसारखी गोल. नेटवर म्हैस शोधली की बहुतेक मुऱ्हाच येते, हरयाण्याकडची जात. जन्म कोल्हापुरात गेला आणि मी काढली ती मुऱ्हा! तीन हातांवर पंढरपुरी उभी होती, तलवारीसारखी शिंगं मागं खांद्यापलीकडं गेलेली, माझ्याकडं ढुंकूनही न बघता रवंथ करत.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरच्या गल्लीतले गवळी. आई त्यांना दादा म्हणते, म्हणून आम्ही सगळी मामा म्हणतो. त्या संध्याकाळपासून पुढचे सात महिने मी त्यांच्या कट्ट्यावर आणि गोठ्यात जेवढी बसले तेवढी कॉलेजच्या वर्गातही बसले नसेन.

आम्ही फोनवरचा एक खेळ करतोय, तो असा आहे. पुराची रात्र. प्रयाग चिखलीतली दहा-बारा वर्षांची पोरगी म्हशीला घेऊन कोल्हापूरच्या बाजूला निघालीय. पंचगंगा फुगली की चिखली आणि आंबेवाडी आधी पाण्यात जातात, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१९ आणि २०२१, दोन्ही पूर आम्ही बघितलेत. खेळणाऱ्याच्या हातात पोरगी असते, म्हैस नसते. म्हैस तिच्या मनानं चालते, थांबते, अडते. पाण्याखाली रस्ता कुठं आहे आणि ओढ कुठं आहे हे पोरीच्या आधी तिला कळतं, आणि ते खेळणाऱ्यानं तिच्याकडं बघून ओळखायचं. संवाद नाहीत, बाण नाहीत. त्यामुळं म्हैस नुसती गोड दिसून भागणार नव्हतं, ती वाचता यायला हवी होती. नाव ठेवलं हौशी. करणारे आम्हीही हौशीच.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ, त्याला मी दादा म्हणते. प्रोग्रामिंग दादाचं, चित्रं आणि अ‍ॅनिमेशन माझं. इंजिन, म्हणजे ज्यावर खेळ बांधायचा ते सॉफ्टवेअर, गोडो, कारण ते फुकट आहे आणि दादाला येतं. त्याआधी मी पुण्यात एका स्टुडिओत दीड वर्ष लुडोच्या सोंगट्यांना डोळे काढत होते. सोंगटी मेली की डोळ्यांत पाणी, जिंकली की डोळ्यांत चांदण्या. दुसरं काही नाही. त्या सवयीचा फटका मला इथं बसला.

पहिली हौशी मी भुवयांवर उभी केली. राग आला की भुवया खाली, काळजी वाटली की आतली टोकं वर. जोडीला नवरसांचा तक्ता काढला, नऊ चौकटींत नऊ हौश्या. (भरतमुनींनी आठच रस सांगितले, शांत नंतर आला. म्हशीच्या बाबतीत मात्र तोच पहिला धरायला हवा.) तक्ता दिसायला झकास झाला होता. दादाला आवडला, आईनं तर फ्रिजवर चिकटवला. मामांनी चष्मा कपाळावर सारून नऊच्या नऊ चौकटी बघितल्या आणि विचारलं, "मुखवटा कुणी घातलाय ह्यो?"

खरंच होतं ते. म्हशीच्या कातड्यात माणूस शिरल्यासारखं दिसत होतं. आणि माणूसही कसला, नाटकातला.

मग अभ्यासाला लागले. माणसाच्या चेहऱ्याच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक द्यायची एक पद्धत एकमन आणि फ्रीझन या दोघांनी १९७८ मध्ये बसवली, अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याच्या वाटेत ती कधी ना कधी येतेच. तिच्याच धर्तीवर २०१५ मध्ये घोड्यांसाठी तक्ता तयार झाला. त्यातल्या त्यात म्हशीला जवळचा म्हणून तो उघडला, तर त्यात कानांच्या हालचाली वेगळ्या नोंदवलेल्या. माझ्या नऊ हौश्यांचे कान नऊही चौकटींत एकसारखे लोंबत होते. मी ते कॉपी-पेस्ट केले होते.

पडद्याचा हिशेब तर मी मांडलाच नव्हता. आमचा खेळ ६४० बाय ३६० पिक्सेलवर बेतलेला आहे, फोन तो ताणून मोठा करतो. त्यात अख्खी हौशी नाकापासून शेपटीपर्यंत दीडशे पिक्सेल, आणि डोळा चार पिक्सेल. चार पिक्सेलांच्या डोळ्यावर भुवई बसवून तिची आतली टोकं वर करणारी मी. टॅबवर झूम करून काढताना सगळं सुरेख दिसतं, तिथंच फसायला होतं.

लहानपणी आमच्याकडं टीव्हीला जोडायचा गेम होता, कॅसेट फुंकून लावायची. त्यातला मारिओ आठवला. त्याचे जनक मियामोतोंनी १९८१ मध्ये त्याला पहिल्यांदा उभा केला तेव्हा जागा होती १६ बाय १६ पिक्सेलांची. तोंड काढायला जागा नाही म्हणून नाकाखाली मिशी, केस धड दिसेनात म्हणून टोपी. अडचणीपोटी आलेली मिशी आज जगभर ओळखतात. माझ्या म्हशीची मिशी कुठं आहे, हे काही मला सापडेना.

ती सापडली मामांच्या टोमण्यात. मुऱ्ह्याची जिलबी कशीही फिरवा, जिलबीच दिसते. पंढरपुरीचं लांब शिंग मात्र घड्याळाच्या काट्यासारखं काम करतं. हिशेब साधा आहे: साठ पिक्सेलांचं शिंग पाच अंशांनी फिरलं की टोक पाच पिक्सेल सरकतं. तेवढ्याच फिरण्यात डोळा जागचा हललेलाही कळत नाही. म्हशीनं मान जराशी उचलली की शिंगांची टोकं पाठीकडं झुकतात, मान खाली घातली की ती आभाळाकडं उठतात, आणि हे फोनच्या पडद्यावर हातभर अंतरावरूनही दिसतं. मी मुऱ्हा पुसून टाकली. तीन आठवडे गेले, पण वाईट वाटलं नाही.

पात्र ठसठशीत आहे का हे बघायची आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. अख्खं चित्र काळं करून नुसती बाह्यरेषा बघायची. दादा म्हणाला, तुझं अर्धं काम देवानंच करून ठेवलंय. पण खेळात रात्र, पाऊस, गढूळ पाणी, आणि त्यात काळी म्हैस. पहिल्यांदा फोनवर चालवून बघितलं तेव्हा पोरगी एकटीच चाललेली दिसत होती आणि शेजारी अंधाराचा एक गोळा सरकत होता. पाठीच्या कडेनं फिकट निळी रेघ दिली, ती उपयोगी पडली. पण शिंगं, म्हणजे माझी मिशीच, अजून बुडालेली होती. मला पाडवा आठवला. दिवाळी पाडव्याला इथं गवळी लोक म्हशी सजवतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं आणि गोंडे बांधतात, आणि पुंगळी काढलेल्या मोटारसायकलींच्या मागं त्यांना पळवतात. शिंगांची टोकं लाल करून टाकली. झकास दिसायला लागली.

"पाडव्याचा रंग पुरापतूर ऱ्हातोय व्हय?" मामा.

पूर श्रावणाच्या आसपासचा. दिवाळीचा रंग नऊ महिने कसा टिकेल? दादा म्हणाला, कोण बघतंय एवढं. मी म्हटलं, कोल्हापूरचा प्रत्येक माणूस बघतोय. शेवटी आईनं सोडवलं: बेंदूर. आषाढात बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात. घरच्या बैलांचा उरलेला रंग पोरीनं हौसेनं म्हशीला लावला. मग रंग नीट लागलेला नसणार, पोरीच्या हातचा. उजव्या शिंगावर जास्त, डाव्यावर ओघळलेला. त्या ओघळामुळं हौशी कुणाच्या तरी घरची झाली. आता खेळाच्या सुरुवातीला आठ-दहा सेकंदांचं एक दृश्य आहे, पोरगी तोंडात जीभ धरून शिंग रंगवतेय आणि म्हैस कंटाळून डोकं हलवतेय. सगळा खेळ बघून माणसं त्या दृश्याबद्दल बोलतात.

कान आणि शिंगं जमली तरी हौशी उभी राहिली की मेल्यासारखी वाटायची. पात्र काहीच करत नसतं तेव्हा ते काय करतं, हे ठरवणं या कामातलं सगळ्यात अवघड. म्हणून मामांच्या गोठ्यात पहाटे पाचला फोन लावून बसले. चार म्हशी, गव्हाणीत वैरण, एक पिवळा बल्ब. पहिला अर्धा तास मी त्यांच्या डोळ्यांत भाव शोधत होते, जुनी खोड. मग नाद सोडला आणि जबडे मोजायला लागले. रवंथ करताना म्हशीचा जबडा वर-खाली होत नाही, आडवा फिरतो. खालचा जबडा एका बाजूला जातो आणि गोल घेऊन परत येतो. साधारण सेकंदाला एक फेरा. एका घासाला बावन्न, पुढच्याला पंचावन्न, मग एकोणपन्नास. मग थांबते, गिळते, मानेखालून गोळा जाताना दिसतो. चार-पाच सेकंद काही नाही. मग खालून दुसरा गोळा वर येतो, तोही दिसतो, आणि जबडा पुन्हा सुरू.

मी मोजत असतानाच गल्लीत कुणाची तरी मोटारसायकल फाट्कन उडाली. चारही जबडे एकदम थांबले. मान हलली नाही, पाय हलला नाही, डोळ्यांतही काही नाही. फक्त गोठा गप्प झाला. इतका वेळ तिथं चावण्याचा बारीक आवाज भरून होता हे मला तो बंद झाल्यावर कळलं. मग आठ कान एकेक करून दाराकडं वळले. कुणी आलं नाही. अलीकडच्या म्हशीनं आधी सुरू केलं, मग बाकीच्यांनी.

माझ्या अंगावर काटा आला. नऊ रस गेले उडत.

घरी येऊन सगळी हौशी रवंथावर बांधली. चालते तेव्हाही ती तोंड हलवत असते. (खरी म्हैस चालताना सहसा रवंथ करत नाही. मामांनी हे लगेच पकडलं. मी ऐकलं नाही. खेळासाठी एवढं खोटं चालतंय की.) हेडफोनमध्ये पावसाच्या खाली चावण्याचा आवाज बारीक चालू असतो, गोठ्यातच ध्वनिमुद्रित केलेला. पुढं ओढ असेल तर जबडा थांबतो आणि आवाज तुटतो. त्यानंतर कान वळतात, त्यानंतर मान, म्हणजे शिंगं. पाय सगळ्यात शेवटी अडतात, आणि तोपर्यंत खेळणाऱ्याला दीड-दोन सेकंद मिळालेले असतात.

या क्रमावर आमचा चांगलाच वाद झाला. कार्टूनमध्ये पात्र उडी मारण्याआधी खाली दबतं, म्हणजे बघणाऱ्याला अंदाज येतो. खेळात ते जसंच्या तसं करता येत नाही. बटण दाबलं की पात्र त्याच क्षणी उडालं पाहिजे, दबत बसलं तर खेळणारा शिव्या देतो. पोरीला म्हणून आम्ही दबायलाच दिलं नाही; सगळी गंमत ती जमिनीवर परत येते तेव्हा, गुडघे वाकवून, वेणी मागून खाली आदळून. पण म्हैस कुणाच्या बटणावर नाही, तिला वेळ घेता येतो. पोरीनं हाक मारली की हौशी नव्वद फ्रेमनंतर, म्हणजे दीड सेकंदानं, निघायची. दादाचं म्हणणं, फोन अडकलाय असं वाटतं. त्याच्या मित्रानं खेळून बघितलं, त्यालाही तसंच वाटलं. मी एवढंच केलं, हाक मारल्यावर पाचव्या फ्रेमला जवळचा कान पोरीकडं फिरवला. नव्वद फ्रेम तशाच ठेवल्या. तोच मित्र पुन्हा खेळला आणि हसायला लागला: "ऐकू आलंय तिला. मुद्दाम करालीय."

तो पुण्याचा. 'करालीय' आमच्याकडं राहून शिकला. त्यानंच दुसरं एक विचारलं होतं: पोरीच्या आवाजातलं 'आलो, आलो' हे मुलाचं चुकून राहिलंय का? हाका माझ्या भाचीनं दिल्यात. आमच्याकडं बायका 'आलो', 'गेलो'च म्हणतात, मीही घरात तसंच बोलते, लिहिताना तेवढी 'आले' होते. आवाज बदलला नाही.

दुसरा वाद मोठा होता आणि त्यात दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दादाला पडद्यावर वरती पाण्याची पातळी हवी होती, राजाराम बंधाऱ्याची, फुटांत. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात हे आकडे इथं भाजीवाल्यापासून सगळ्यांच्या तोंडात असतात, त्यामुळं कल्पना वाईट नव्हतीच. पण कोपऱ्यात आकडा आला की माणूस आकडाच बघणार. मग माझ्या म्हशीकडं कोण बघतंय? दादा म्हणाला, म्हशीकडं बघितलंच पाहिजे असं तुला वाटतं, खेळणाऱ्याला बुडायचं नसतं. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मामांना विचारलं तर ते पुरावर बोलायला लागले. एकोणीसला त्यांनी म्हशींची दावी सोडून दिली आणि मागून पाण्यातून चालले. म्हणाले, "म्हैस पाण्याला भीत न्हाई. ओढीला भिती. ती थांबली की आम्ही थांबायचो. फूट कोण बघतंय त्यावेळी." दादानं आकडा काढला. पहिल्या पडद्यावर, खेळ सुरू होण्याआधी, तो एकदा दिसतो: ४१.

चाचणीला घरचीच माणसं. नऊ वर्षांच्या भाच्यानं म्हशीकडं एकदाही न बघता पोरीला पुढं दामटलं आणि चार वेळा बुडाला. आवाज तुटला, कान वळले, शिंगं उठली, काही नाही. मला रडायला आलं होतं. उपाय दादानं काढला, हे कबूल करायला हवं. जबडा थांबला की पोरीनं स्वतः मान वळवून हौशीकडं बघायचं. समोरचा जिकडं बघतो तिकडं आपण आपोआप बघतो. सहा फ्रेमचं काम. आठवड्यानं भाच्याला पुन्हा बसवलं. तिसऱ्या मिनिटाला त्यानं अंगठा उचलला आणि आईला म्हणाला, "थांब गं, ती खाईना झालीय."

गेल्या महिन्यात सगळं एकत्र जोडून मामांकडं नेलं. या वेळी मला एक गोष्ट खास दाखवायची होती. हौशीच्या शेपटीला पाच हाडं आहेत, मानेला तीन, कानाला दोन-दोन; हाडं म्हणजे चित्र हलवायला आत बसवलेले तुकडे. शेपटी आणि कान वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात, दोन ते सहा सेकंदांत कधीही, त्यामुळं तीच हालचाल पुन्हा पुन्हा आल्यासारखी वाटत नाही. डावा कान उजव्याबरोबर कधीच हलत नाही. शेपूट एकदा डावीकडं बसते, एकदा उजवीकडं, कधी अर्धी उठून परत पडते. एकट्या शेपटीवर मी अकरा दिवस घालवले होते.

मामांनी फोन दोन्ही हातांनी धरला. पाऊस कोसळत होता, हौशी पोटापर्यंत पाण्यात, पोरगी तिच्या मानेला धरून. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मी वाट बघत होते.

"पोरी, एवढ्या पावसात माशी कुठली?"

"म्हणजे?"

"शेपूट कशाला हलवालीय मग ती?"

गिऱ्हाईक आलं. मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि चरवी घेऊन उठले. मी तिथंच कट्ट्यावर लॅपटॉप उघडला आणि पुराच्या दृश्यांतलं शेपटीचं घड्याळ बंद केलं. पाचही हाडं सरळ खाली सोडली, भिजलेल्या दोरीसारखी. टोक पाण्यात गेलं आणि प्रवाहाबरोबर डावीकडं वाहायला लागलं. मग दादाला फोन लावला, कारण पाणी कुठल्या बाजूला ओढतंय हे आता शेपटीवरूनही दिसत होतं.